विनंती फार मोठी आहे

बावीस वर्षं मी एका शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागाचा प्रमुख होतो. विभागात मी एकटाच असल्यामुळे हे प्रमुखपद टिकवायला मला विशेष कष्ट पडले नाहीत. संस्थेच्या शाळा वर दापोलीपासून खाली राजापूरपर्यंत जिल्हाभर पसरलेल्या आणि मुख्य कार्यालय रत्नागिरीत. कार्यालयातल्या लोकांच्या मते माझं काम म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणं. एकदा हळदीकुंकवाच्या दिवशी माझ्याकडे मिक्सरही दुरुस्तीला आला. "त्यालाही वायरच असते ना हो साळवी," असं स्पष्टीकरण मिळालं. मी तो दुरुस्त करून दिला, ही चूक झाली. पुढच्या वर्षी दोन आले.

माझं खरं काम संस्थेचा वेब सर्व्हर सांभाळण्याचं होतं. ते काय असतं हे मला घरीसुद्धा कधी नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे एकदाच सांगून टाकतो. कुठेतरी एक संगणक चोवीस तास चालू असतो. तुम्ही फोनवर संस्थेची वेबसाइट उघडता, म्हणजे त्या संगणकाकडे एक पान मागता. तो ते देतो किंवा देत नाही. आणि अशा प्रत्येक मागणीची एक ओळ तो आपल्या वहीत लिहून ठेवतो. या वहीला लॉग म्हणतात. शाळेच्या फाटकावरचा रखवालदार आल्यागेल्याची नोंद करतो तशीच ही नोंद, फक्त हा रखवालदार जेवायला जात नाही.

आता या वहीत काय लिहायचं, हे सर्व्हरला सांगता येतं. तयार साच्यात तो जी ओळ लिहितो तिच्यात नको ते भरपूर आणि हवं ते नेमकं नसतं. म्हणून मी स्वतःचा साचा बेतला. किती वाजता, कुठून, कितव्या क्रमांकाच्या कर्मचाऱ्याने, कुठलं पान मागितलं, काय निकाल लागला आणि त्याला किती वेळ लागला, एवढ्याच सहा गोष्टी. निकाल आकड्यात असतो. दोनशे म्हणजे मागितलं ते मिळालं. चारशे चार म्हणजे असं पानच नाही. पाचशे म्हणजे सर्व्हर स्वतःच तोंडावर पडला. सकाळी चहा घेताना या ओळी खालपर्यंत वाचायच्या, ही माझी पेपर वाचण्याची रीत. अकरा वाजता वेबसाइट मंद का होते, कुठल्या शाळेचं इंटरनेट कालपासून बंद आहे, हे मला शाळेचा फोन येण्याआधी कळायचं. या साच्याचा मला अभिमान होता. तो कोणाला दाखवता येत नव्हता, एवढंच दुःख.

दाखवायची संधी आली ती कार्यवाहांमुळे. संस्थेचे कार्यवाह नानासाहेब हे निवृत्त इंग्रजीचे प्राध्यापक. उंचेपुरे, स्वच्छ, शब्दाशब्दाला तोलून बोलणारे. वार्षिक सभेत त्यांनी जाहीर केलं की संस्थेच्या संकेतस्थळाला रोज पाच हजारांहून अधिक लोक भेट देतात. टाळ्या पडल्या. मी लॉग उघडून पाहिला. भेटी खऱ्या होत्या, पण त्यांतल्या जवळजवळ सगळ्या एकाच ठिकाणाहून येत होत्या. कार्यालयाच्या दर्शनी भागात एक टीव्ही लावलेला होता. त्यावर संस्थेचं पहिलं पान, नानासाहेबांच्या छायाचित्रासह, दर पाच सेकंदांनी आपोआप नव्याने उघडत होतं. टीव्हीच दिवसभर साहेबांचं दर्शन घेत होता.

मी जाऊन नानासाहेबांना प्रामाणिकपणे सांगितलं.

"म्हणजे तुमच्या या वहीत सगळं कळतं?"

"हो सर. कोणी काय मागितलं, मिळालं की नाही, सगळं."

"मग टीव्हीचं राहू दे. दर महिन्याच्या एक तारखेला हा अहवाल माझ्या टेबलावर पाहिजे."

मला आनंद झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणाला माझी वही वाचायची होती. मी अहवाल मन लावून केला. मिळालेली पानं काळ्या शाईत, न मिळालेली लाल शाईत. दोन महिने गेले. तिसऱ्या महिन्यात बोलावणं आलं.

"साळवी, हे लाल काय आहे?"

"चुका, सर. लोकांनी मागितलं पण आपण देऊ शकलो नाही, ते."

"हा अहवाल विश्वस्तांपुढे जातो. त्यांना हे असं दिसायला नको. लाल ओळी काढा."

"दुरुस्त करतो सर. बऱ्याचशा जुन्या पानांमुळे येतात. आठवडाभरात—"

"मी दुरुस्त करा म्हटलं नाही. काढा म्हटलं."

इथे जे झालं त्याचं खापर मी नानासाहेबांवर फोडू शकत नाही. त्यांना अहवालात लाल दिसायला नको होतं. अहवाल छापताना त्या ओळी गाळल्या असत्या आणि मूळ वही तशीच ठेवली असती, तर त्यांनाही समाधान आणि मलाही. पण मी चिडलो होतो. शिवाय दर महिन्याला ओळी गाळत बसण्यापेक्षा सोपा उपाय माझ्या हातात होता. मी सर्व्हरलाच सांगितलं, निकाल चांगला असेल तरच लिही, नाहीतर लिहू नकोस. तीन ओळींची सूचना. पहिल्याच झटक्यात चालली, याचंही मला तेव्हा कौतुक वाटलं. सर्व्हरची बिघाडांची एक वेगळी वही असते, तिलाही मी सांगून ठेवलं, अगदी मरायला टेकल्याशिवाय काही लिहायचं नाही.

पुढच्या एक तारखेचा अहवाल स्वच्छ काळा निघाला. नानासाहेब म्हणाले, "पाहा, मनावर घेतलं की सुधारणा होते." विश्वस्तांनी अभिनंदनाचा ठराव केला. ठरावात माझं नाव होतं.

त्याच वर्षी संस्थेने शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन केल्या. त्याआधी बदलीचा अर्ज कागदावर यायचा. अर्जासोबत शिक्षक यायचा, शिक्षकासोबत त्याचा मेव्हणा, आणि मेव्हण्यासोबत कोणातरी विश्वस्ताची चिठ्ठी. नानासाहेबांना याचा मनापासून तिटकारा होता आणि तो खरा होता. कोणी कार्यालयात यायचं नाही, प्रत्येकाने आपापल्या शाळेतून अर्ज भरायचा, घरात आजारपणासारखं विशेष कारण असेल तर डॉक्टरांचा दाखला फोटो काढून जोडायचा, अशी योजना. वेबसाइटचं ते पान पुण्याच्या एका माणसाने करून दिलं. मुदत एप्रिलचे दहा दिवस.

मुदत संपल्यावर मी आकडे दिले. अर्ज एकशे बारा. त्यांपैकी विशेष कारणाचे दोन.

नानासाहेब खुर्चीत मागे रेलले. "दोन! कागदावर अर्ज घ्यायचो तेव्हा साठ-सत्तर जणांच्या आया अंथरुणाला खिळलेल्या असायच्या. ऑनलाइन केल्याबरोबर सगळ्या खडखडीत बऱ्या झाल्या."

मी हसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण हसलो.

आठवडाभराने रेवाळेबाई आल्या. केळशीच्या बाजूच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. पन्नाशीच्या, सडसडीत, खांद्याला कापडी पिशवी. त्यांची आई नेवऱ्याला एकटी राहायची आणि तिचे दोन्ही डोळे काचबिंदूने जवळजवळ गेले होते. दर शनिवारी शाळा सुटली की बाई केळशीहून दापोली, दापोलीहून रत्नागिरी आणि तिथून नेवरे अशा तीन एसट्या बदलून आईकडे जायच्या. आठवड्याचं जेवणखाण, औषधं शेजारणीला समजावून रविवारी दुपारी परत. रत्नागिरीच्या शाळेत विज्ञानाची जागा रिकामी होणार होती आणि त्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. बदलीच्या यादीत मात्र त्यांचं नावच नव्हतं.

त्यांनी लेखी तक्रार दिली आणि सुनावणी लागली. समितीत तिघं जण. अध्यक्षस्थानी नानासाहेब, निवृत्त मुख्याध्यापिका लिमयेबाई आणि एक बागायतदार विश्वस्त, ज्यांचा हंगाम चालू होता आणि फोनही. मला तंत्रज्ञ म्हणून बसवलं होतं.

"साळवी, नोंद काय सांगते?"

मी कागद वाचला. "रेवाळेबाईंनी मुदतीत एकोणीस वेळा अर्जाचं पान उघडलं. अर्ज पाठवल्याची नोंद नाही."

"एकोणीस वेळा उघडला आणि एकदाही पाठवला नाही," नानासाहेब म्हणाले. "बाई, याला मराठीत चलबिचल म्हणतात."

"पाठवलान नाही असं कसं म्हणतो हो तो कॉम्प्युटर?" बाईंचा आवाज चढला. "दर वेळेला मी 'पाठवा' असं लिहिलेलं बटण दाबलंय. दोन दिवस शाळेतून, तिसऱ्या दिवशी रजा टाकून दापोलीला जाऊन कॅफेतून. दर वेळी पांढरं पान यायचं आणि वर इंग्रजीत एक वाक्य."

"आपलं संकेतस्थळ संपूर्ण मराठीत आहे," नानासाहेब म्हणाले.

"काय वाक्य होतं?" लिमयेबाईंनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून वही काढली. त्यांनी ते लिहून घेतलं होतं. "रिक्वेस्ट एन्टिटी टू लार्ज. मला वाटलं, माझी विनंती फार मोठी आहे असं संस्था सांगतेय. कारण मी दहा ओळींत लिहिलं होतं, आईचं सगळं. म्हणून मग पाच ओळी केल्या. तरी तेच. मग दोन केल्या. शेवटी नुसतं 'आईला दिसत नाही' एवढंच ठेवलं. तरी मोठीच."

बागायतदारांनीसुद्धा फोन खाली ठेवला.

ते इंग्रजी वाक्य ऐकलं त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. तो चारशे तेरा होता. जोडलेली फाइल सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठी असली की तो ती आत घेत नाही आणि हे वाक्य तोंडावर फेकतो. पुण्याच्या माणसाने पानावर पाच एमबीपर्यंतचा दाखला चालेल असं लिहिलं होतं. सर्व्हरची मर्यादा एकाच एमबीची होती आणि ती वाढवायचं काम माझं होतं. बाईंची विनंती मोठी नव्हती, दाखल्याचा फोटो मोठा होता. कारणाच्या ओळी त्यांनी कितीही कमी केल्या असत्या तरी काही उपयोग नव्हता. आणि ते एकोणीस चारशे तेरा माझ्या वहीत नव्हते, कारण असलं काही लिहायचं नाही असं मीच सर्व्हरला सांगितलं होतं.

"साळवी," नानासाहेबांनी विचारलं, "असं काही पान आल्याची नोंद आहे?"

"नोंद नाही," मी म्हटलं.

हे अक्षरशः खरं होतं. माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या तक्रारीला जोडलेला दाखला माझ्या फोनने टिपला आणि अर्ज भरून पाहिला. पांढरं पान आलं. मी गुपचूप सर्व्हरची मर्यादा वाढवली. पुन्हा पाठवला, अर्ज गेला. ही चाचणी मी दोनदा केली, जणू बाईंचं काम झालं. मग वहीत मागे जाऊन पाहिलं, पान उघडलं पण पाठवलं नाही असे आणखी कोण आहेत. आणखी चौतीस जण निघाले. कोणी पाच वेळा, कोणी आठ वेळा. गुहागरच्या बाजूचा एक शिक्षक सव्वीस वेळा. सगळ्यांची चलबिचल.

एवढं कळूनही मी पंधरा दिवस काहीही केलं नाही. मर्यादा वाढवली आहे, पुढच्या वर्षी कोणाला त्रास होणार नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. मग समितीचा निर्णय माझ्याकडे आला, वेबसाइटवर चढवण्यासाठी. त्यात लिहिलं होतं, 'संगणक विभागप्रमुखांनी केलेल्या तांत्रिक तपासणीनुसार सदर शिक्षिकेने अर्ज सादर करण्याची इच्छा दर्शवलेली नाही.' फाइल तयार होती. माझं काम फक्त एक बटण दाबण्याचं होतं. मी ती फाइल तीनदा उघडून तीनदा बंद केली. चौथ्यांदा उठलो आणि लिमयेबाईंच्या घरी गेलो.

त्या अंगणात आंब्याची साटं उन्हात घालत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी हात धुतले आणि म्हणाल्या, "नानांना हे तोंडी सांगून पटायचं नाही. त्यांना करायलाच लावा."

मग मी नोकरीतलं सर्वांत विचित्र काम केलं. दुरुस्त केलेला बिघाड परत जागच्या जागी बसवला. मर्यादा पुन्हा एकवर आणली.

लिमयेबाईंनी समिती पुन्हा बोलावली. कारण दिलं, 'निर्णयातील भाषेची शुद्धता.' भाषेचं नाव काढल्यावर नानासाहेब येणारच होते. बागायतदारही आले. रेवाळेबाईंनाही बोलावलं होतं, त्या पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसल्या.

"नाना," लिमयेबाई म्हणाल्या, "निर्णय कायम करण्याआधी तो अर्ज एकदा आपण स्वतः भरून बघू. तुम्ही बसा संगणकाशी."

नानासाहेबांना हे आवडलं. त्यांनी चष्मा लावला. मी त्यांच्या नावाने पान उघडून दिलं. त्यांनी कारणाच्या जागी शुद्ध मराठीत तीन ओळी टंकलिखित केल्या, स्वल्पविरामासकट. बाईंचा दाखला जोडला. बटण दाबलं.

पांढरं पान आलं.

"रिक्वेस्ट एन्टिटी टू लार्ज," नानासाहेबांनी वाचलं. उच्चार उत्तम होता. "हे काय?"

"तुमची विनंती फार मोठी आहे म्हणतोय," बागायतदार म्हणाले. "बारीक करा जरा."

मी पान पुन्हा उघडून दिलं, नानासाहेबांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. माणसाचं बोट अशा वेळी आपोआपच जोरात पडतं. चौथ्यांदा त्यांनी तीन ओळींची एक ओळ केली. मी पाहिलं, कोपऱ्यात रेवाळेबाईंनी मान खाली घातली होती.

"आता नोंद बघू या, सर," मी म्हटलं. मी लॉग पडद्यावर लावला. "ही तुमच्या नावाची नोंद. अर्जाचं पान उघडलं, चार वेळा. पाठवल्याची नोंद नाही."

"पण मी आत्ता तुमच्यासमोर दाबलं की!"

"नोंदीनुसार तुम्ही चार वेळा अर्ज उघडलात आणि चारही वेळा विचार बदललात."

मग मी ती तीन ओळींची सूचना पडद्यावर आणली. ती कधी लिहिली, कोणी लिहिली आणि तिच्यामुळे काय काय वहीत येणं बंद झालं, ते सांगितलं. ज्या एक तारखेच्या अहवालावर अभिनंदनाचा ठराव झाला तो याच सूचनेमुळे स्वच्छ निघाला होता, हेही सांगितलं. लाल ओळी काढायला मला कोणी सांगितलं ते मात्र सांगितलं नाही. नानासाहेब माझ्याकडे बघत होते. ते सांगण्याची गरज उरली नव्हती.

"आणि सुनावणीच्या दिवशी हे तुम्हाला माहीत होतं?" लिमयेबाईंनी विचारलं.

"हो."

शेवटी संस्थेने त्या पस्तीस जणांसाठी आठ दिवस अर्ज पुन्हा खुले केले. परिपत्रकात कारण दिलं, 'शिक्षकांच्या आग्रहास्तव.' रत्नागिरीची जागा तोवर दुसऱ्या एका शिक्षकाला दिली गेली होती. त्याचं कारण खरं होतं, त्यामुळे ती काढून घेणं कोणालाच बरं वाटलं नाही. रेवाळेबाईंना आरे-वारेच्या रस्त्यावरची आमची छोटी शाळा मिळाली. आईच्या घरापासून चालत पाऊण तास. तीन एसट्यांच्या मानाने जवळच, तरी त्यांनी मागितलेली ती जागा नव्हेच.

मला मेमो मिळाला. 'नोंदींबाबत अक्षम्य निष्काळजीपणा.' भाषा शुद्ध होती. मी उत्तर दिलं नाही, कारण मेमोतलं म्हणणं बरोबर होतं. मी ती तीन ओळींची सूचना काढून टाकली आणि लाल ओळी वहीत परत येऊ लागल्या. पुढच्या अहवालात त्या मी मुद्दाम ठळक छापल्या. नानासाहेबांनी अहवाल वाचला, सही केली आणि विश्वस्तांकडे पाठवला. वार्षिक सभेत त्यांनी सांगितलं की संस्थेने आता चुकासुद्धा पारदर्शकपणे नोंदवायला सुरुवात केली आहे. टाळ्या पडल्या. या वेळी ठरावात माझं नाव नव्हतं.

जूनमध्ये आरे-वारेच्या त्या शाळेत दोन संगणक बसवायचे होते. ते काम खरं तर कोणीही केलं असतं, पण मी स्वतः गेलो. बाई व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. मला बघून उठल्या, पाणी आणलं. आई कशी आहे विचारलं, तर म्हणाल्या, "साडेपाचला माझी पावलं ऐकते आणि आतूनच सांगते, पाणी उकळलंय, चहात साखर तेवढी तू घाल."

मी ठरवून आलो होतो. म्हटलं, "बाई, मला माफ करा."

त्यांनी वही मिटली. "एकच विचारते, सर. त्या पहिल्या दिवशी मी ते वाक्य वाचून दाखवलं, तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"लगेच."

"मग बोलला का नाहीत?"

या प्रश्नाचं उत्तर मी वाटेत दहा वेळा घोळवलं होतं. निवृत्ती, पेन्शन, नानासाहेब, सगळं त्यात होतं. तोंडून निघालं ते वेगळंच. "मला तेवढंच विचारलं होतं, बाई. नोंद आहे का, एवढंच."

त्या रागावल्या नाहीत. उलट थोड्या हसल्या, खूप वर्षं शिकवलेल्या माणसासारख्या.

"वर्गात मुलंही अगदी हेच सांगतात," त्या म्हणाल्या.

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. त्यांनी वह्यांचा गठ्ठा उचलला आणि सातवीच्या वर्गावर गेल्या.